नळाचा वार आणि रविवार

धुळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या बँकेत, यजमान शाळेत शिक्षक, मुलगा नववीला, मुलगी पाचवीला, सासूबाई बहात्तरच्या. रविवारी सकाळी सातला कामाला लागतात. कपडे, झाडझूड, फरशी, भाजी निवडणं, आठवड्याच्या डब्यांची तयारी, इस्त्री असं करत दुपारचे साडेतीन वाजतात. भांडीवाल्या मावशी रविवारी येत नाहीत. ताई लिहितात, ‘चार वाजता पाठ टेकते तर डोळ्यांपुढे सोमवार उभा. यातलं काय कमी करू? डिशवॉशर घेऊ का?’

ताई, डिशवॉशरचं शेवटी सांगते. आधी एक कबुली देते. मी जळगावात एकतीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. त्यात ‘कार्य सुलभीकरण’ नावाचा धडा असतो, म्हणजे तेच काम कमी वेळात, कमी दमून कसं करायचं. तो धडा मी दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि त्यातली पहिली अकरा वर्षं माझा स्वतःचा रविवार अगदी तुमच्यासारखाच जायचा. पुस्तक कॉलेजात, संसार घरात, असा कारभार.

डोळे उघडले ते एका मुलीच्या प्रात्यक्षिकाने. ‘मार्ग आलेख’ नावाचं एक प्रात्यक्षिक असतं. घराचा नकाशा पुठ्ठ्यावर काढायचा, ओटा, मोरी, फ्रीज, दार अशा ठिकाणी टाचण्या टोचायच्या आणि काम करणारं माणूस जसं फिरेल तसा टाचणीवरून टाचणीवर दोरा गुंडाळत जायचा. अमळनेरकडची एक मुलगी आपल्या आईचा रविवार गुंडाळून घेऊन आली. दोऱ्याचं एक रीळ संपलं म्हणून तिने दुसरं जोडलं होतं, आणि दुसऱ्याचा रंग वेगळा होता. ओटा आणि मोरी यांच्यामधला पुठ्ठा दिसतच नव्हता, नुसता दोराच दोरा. वर्गात पोरी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढच्याच रविवारी माझ्या लेकीला स्टुलावर बसवलं आणि माझा आलेख करून घेतला. सकाळी सात ते नऊ, फक्त दोन तास. एका फुटाला एक सेंटिमीटर असं माप धरलं होतं. दोरा मोजला तर चौदा मीटर, म्हणजे दोन तासांत मी घरातल्या घरात सव्वाचारशे मीटर चालले होते, एखाद्या लांब फलाटाइतकं. त्यातल्या सतरा फेऱ्या मशीनमध्ये बादलीने पाणी टाकायच्या. पाच फेऱ्या नुसत्या चिमटे शोधायच्या. आणि सहा वेळा मी नळ आला का ते बघायला मागच्या अंगणात गेले होते. यातलं एकही ‘काम’ नव्हतं.

हे शास्त्र खरं तर कारखान्यांतलं. फ्रँक गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन माणसाने गवंड्यांना वीट रचताना निरखून बघितलं आणि अठरा हालचालींचं काम साडेचारवर आणलं. त्यांच्या पत्नी लिलियन (१८७८–१९७२) यांनी तीच नजर स्वयंपाकघरावर टाकली. बारा मुलांची आई होती ती, तिला ते सुचायलाच हवं होतं! पुढे मार्विन मुंडेल या अमेरिकन औद्योगिक अभियंत्यांनी बदलाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: हातापायांच्या हालचाली बदला, साधनं आणि त्यांची मांडणी बदला, कामांचा क्रम बदला, तयार होणारी वस्तू बदला, कच्चा माल बदला. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. मुली पहिल्या दोन पायऱ्यांवर पानंच्या पानं लिहायच्या आणि चौथीवर एक ओळ. घरात मात्र सगळ्यात जास्त वेळ चौथी पायरीच वाचवते. तिच्याकडे येतेच.

तुम्हाला पुठ्ठा-टाचण्या करायची गरज नाही. येत्या रविवारी एक वही ओट्यावर ठेवा आणि मुलीला सांगा, आई काय करतेय ते दर पंधरा मिनिटांनी एका शब्दात लिही. पाचवीतल्या मुलीला हा उद्योग भारी आवडतो. रात्री त्या नोंदींवर तीन खुणा करा: खरं काम, वाट बघणं-शोधणं-फेऱ्या, आणि परत करावं लागलेलं काम. (पुसलेल्या फरशीवरून कोणीतरी चिखलाच्या चपला घेऊन गेलं, तर दुसऱ्यांदा पुसणं या तिसऱ्या खुणेत.) माझ्या वहीत आठ तासांपैकी खरं काम पावणेपाच तासांचं निघालं. तुमचंही तसंच काहीसं निघेल असा माझा अंदाज आहे. उरलेल्या वेळावर आधी हात टाकायचा. कामाला नंतर.

आता पाणी. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पुण्या-मुंबईची कुठलीही युक्ती आपल्याकडे इथेच अडते.

आपल्याकडे आठवडा कॅलेंडर ठरवत नाही, नळ ठरवतो. खान्देशातल्या कितीतरी गावांना नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात तर दोन पाण्यांमधलं अंतर आणखी वाढतं. गल्लीत कोणीतरी ओरडतं, ‘पानी उनं!’ आणि हातातली पोळी तव्यावर सोडून बाई पळते. नळ कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. आपण मात्र धुणं-पुसणं धरून बसतो रविवारचं. मग नळ मंगळवारी येऊन गेलेला असतो, रविवारी टाकी अर्धी असते, आणि त्या अर्ध्या टाकीत चादरी, फरशी, मोरी, सगळं उरकायचं म्हणून बादलीने मोजून-मापून पाणी वापरत बसतो. वेळ खाणारी गोष्ट ही मोजणी आहे.

म्हणून कामांच्या दोन याद्या करा: पाण्याची आणि कोरडी. पाण्याची कामं म्हणजे कपडे, चादरी, फरशी, मोरी-संडास, कूलर. कोरडी म्हणजे निवडणं, चिरणं, घड्या, इस्त्री, बाजार, कपाट. पाण्याच्या कामांना रविवारातून काढा आणि नळाच्या दिवशी टाका, मग तो कुठलाही वार असो. कॅलेंडरवर नळ आला त्या तारखेला निळ्या पेनाने गोल करायचा. महिनाभरात अंतर लक्षात येतं आणि पुढचा नळ कधी ते बऱ्यापैकी सांगता येतं. नळाच्या संध्याकाळी स्वयंपाक मुद्दाम साधा ठेवायचा, कारण त्या संध्याकाळी मशीन फिरणार आहे.

‘बँकेतून साडेसहाला घरी येऊन कपडे कुठे धुऊ?’ असं तुम्ही म्हणाल. धुवायचे मशीनलाच आहेत. कपड्यांमध्ये वेळ जातो तो मशीनच्या आधी आणि नंतर: ढिगातून रंगाचे वेगळे काढणं, खिसे तपासणं, उलटे मोजे सुलटे करणं, चिमटे गोळा करणं. त्यासाठी मोरीजवळ तीन टोपल्या ठेवा: पांढरे आणि गणवेश, रंगीत, आणि अंतर्वस्त्रं-मोजे. कपडा काढणाऱ्यानेच तो सुलटा करून, खिसे रिकामे करून आपापल्या टोपलीत टाकायचा. आमच्याकडे नियम होता की खिशात सापडलेले पैसे मशीन लावणाऱ्याचे. पंधरा दिवसांत सगळ्यांचे खिसे रिकामे यायला लागले. मोजे जाळीच्या पिशवीत घालून पिशवीसकट धुवायचे, जोडी शोधत बसावं लागत नाही. टोपली भरली आणि नळ आला, की मशीन. आठवड्यात दोन वेळा छोटे घाणे हे रविवारच्या एका डोंगरापेक्षा कितीतरी हलके.

मशीन कुठलं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवते. पाण्याचा भरवसा नसलेल्या घरात सेमी-ऑटोमॅटिकला लोक जुनाट म्हणून नाक मुरडतात, तरी ते बादलीने भरता येतं आणि पहिल्या घाण्याचं साबणाचं पाणी दुसऱ्याला वापरता येतं. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये पुढून दार असणाऱ्याला वरून भरायच्या मशीनपेक्षा बरंच कमी पाणी लागतं, पण नळाला पुरेसा जोर हवा. टाकी मशीनपासून फारशी उंच नसेल तर ते पाणी घेता घेताच अर्धा तास घालवतं आणि आपण त्याच्यापुढे उभ्या. माझ्या सतरा बादल्यांवर उपाय निघाला तो दोनशे रुपयांच्या पाइपचा: टाकीच्या नळापासून थेट मशीनपर्यंत. अकरा वर्षं सुचलं नव्हतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षार असणार. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते ती हीच, आणि तीच मशीनच्या ड्रमला, गिझरला धरते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपण आणखी पावडर ओततो, मग ती निघता निघत नाही आणि एक धुणं वाढतं. पावडर वाढवण्याआधी नळाच्या पाण्यातला एक घाणा आणि बोअरच्या पाण्यातला एक घाणा करून बघा, फरक हाताला कळेल. दोन-तीन महिन्यांतून एकदा लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून मशीन रिकामं फिरवायचं. नळांच्या खपलीवर रात्री लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं तर सकाळी घासावं लागत नाही, नुसतं पुसलं की निघतं. फक्त एक ध्यानात ठेवा: कुठलंही आम्ल, मग ते संडासचं ॲसिड असो की लिंबूसत्व, ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

वाळवणं ही आपल्याकडची चैन आहे. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊला दोरीवर टाकलेले कपडे सकाळी कडक वाळलेले असतात. उलट भर दुपारच्या उन्हात दिवसभर ठेवले तर रंग उडतो. शर्ट दोन झटके देऊन हँगरवरच वाळत घाला, वाळला की हँगरसकट कपाटात. घडी नाही आणि निम्म्या शर्टांना इस्त्रीही नाही. उरलेली इस्त्री गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे द्या. दोघांच्या पगारात ते बसतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

फरशी रोज पुसायची की नाही यावरून आमच्याकडे सासूबाईंशी चार वर्षं चाललं. आपल्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत धूळच धूळ. सकाळी पुसलेली फरशी दुपारच्या वाऱ्यानंतर बोटाने नाव लिहिता येईल अशी होते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी पुसणं म्हणजे वेळ फुकट. साडेदहा-अकराला पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्या, दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी टाका, आणि पुसायचं ते संध्याकाळी वारा पडल्यावर. झाडताना पंखा बंद, वरून खाली, आतल्या खोलीतून दाराकडे. स्वयंपाकघर आणि जेवायची जागा रोज, बाकीच्या खोल्या आठवड्यातून दोनदा. पाहुणे येणार असतील तेव्हा बैठक पुसा. हीच ती मुंडेलची चौथी पायरी: वस्तू तीच पण कशी तयार झालेली चालेल, ते बदलणं. चादरी दर आठवड्याला पाहिजेत की दहा दिवसांनी चालतात? घरातल्या टॉवेलांना इस्त्री कशाला? स्टीलचे डबे दर रविवारी फळीवरून उतरवून पुसायचे हे कोणी ठरवलं? मी शोधत गेले तर ते माझ्या आजेसासूबाईंनी चुलीच्या धुरामुळे ठरवलेलं निघालं. चूल जाऊन वीस वर्षं झाली होती, डबे उतरतच होते.

कूलरमध्ये मात्र हयगय नको. मार्च ते जून घरोघर कूलर, आणि पाणी साठवायची सवय असल्याने ड्रम, हौद, टाक्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा: कूलरची टाकी पूर्ण उपसून आतून घासायची आणि सुकू द्यायची, ड्रमच्या आतल्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. याला वीस मिनिटं लागतात. नववीतल्या मुलाचं काम आहे हे. प्लग काढून मगच कूलरला हात, हे मात्र त्याला दहा वेळा सांगा. ड्रमांना घट्ट झाकणं किंवा कापड बांधलं तर पुढच्या आठवड्याची मेहनत कमी.

स्वयंपाकाचं बघू. रविवारी सकाळी पोटभर नाश्ता, दुपारी साग्रसंगीत जेवण, रात्री पुन्हा स्वयंपाक, असे तीन सण आपण एका दिवसात करतो. त्यात घरच्यांची फर्माईश वरण-बट्टीची. बट्टी करायला हरकत नाही, फक्त ती दोन दिवसांत विभागा. शनिवारी रात्री जाडसर पीठ मळून गोळे वाफवून ठेवले आणि फ्रीजमध्ये टाकले, की रविवारी कापून तुपात परतायचे तेवढे बाकी. वरणाचा कुकर वीस मिनिटांत होतो. रात्रीला तुरीच्या डाळीची खिचडी, वरून तेल, सोबत पापड. आपल्या भागात रविवारी रात्री खिचडी केली म्हणून कोणी रागावत नाही. रागावलं तर त्याला तवा द्या.

आठवड्याच्या तयारीत सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे वाटण. सुकं खोबरं, कांदा, लसूण, आलं भाजून थोडा काळा मसाला घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घट्ट करायचं. मग घट्ट झालेले चौकोन डब्यात. बुधवारी दमून आल्यावर दोन चौकोन तेलात टाकले, पाणी उकळलं, शेव टाकली: पंधरा मिनिटांत शेवभाजी. आमटी असो, वांगं असो, अंडी असोत, तेच चौकोन. मिक्सर आठवड्यातून एकदाच निघतो आणि एकदाच धुतला जातो. लसूण आठवड्याची एकदम सोला. भाज्या मात्र सगळ्या चिरून ठेवू नका. फ्लॉवर, गाजर, फरसबी चालते. भेंडी धुऊन ठेवली तर बुळबुळीत होते. पालेभाजी न धुता, मुळं कापून, कागदात गुंडाळून ठेवली तर चांगली टिकते.

शिजवलेल्या अन्नाबाबत आपल्या उन्हाचा विचार करावा लागतो. एरवी शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं असा नियम सांगतात. बाहेर बत्तिसाच्या वर तापमान असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, म्हणजे सकाळचा भात ओट्यावर ठेवून दुपारी खाणं धोक्याचं. उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा आणि आत टाका. तीन दिवसांच्या पलीकडचं काही शिजवून साठवू नका. रविवारी पाच दिवसांच्या भाज्या करून ठेवायच्या सल्ल्यांवर माझा विश्वास नाही. शुक्रवारची भाजी गुरुवारी रात्री मोरीत जाते आणि रविवारचे दोन तास तिच्याबरोबर.

उन्हाळी कामांचा वेगळा हिशोब ठेवा. वर्षाचे गहू, दादर ज्वारी भरून, निवडून ठेवणं, मसाला, उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे. एका वर्षी मी मोजले, एप्रिल-मे मधल्या आठ रविवारांपैकी पाच यात गेले होते. तेव्हापासून गहू स्वच्छ केलेलेच घेते. पापड-कुरडया बचत गटाच्या बायकांकडून घेते, त्यांना चार पैसे मिळतात. मसाला घरचाच लागतो, तो ठेवला. बिबडे मात्र आमच्या सासूबाई गच्चीवर शेजारच्या तिघींना बोलावून करायच्या, पहाटे चारला उठून, गप्पा मारत, गाणी म्हणत. तिथे मी वेळ मोजायला गेले नाही. तुमच्या घरी असं काही असेल तर त्याला कामांच्या यादीत लिहूच नका.

राहिली माणसं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो असं निघालं, आणि पुरुषांचा ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली आणि त्यांचीही नऊ. मग ती कामं गेली कुठे, देव जाणे.

पुरुषांना येत नाही, हे मला कोणी सांगू नये. थंडीत वावरात भरीत पार्टी असते तेव्हा बघा. पन्नास माणसांची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजणं, सोलणं, ठेचणं, हिरव्या मिरच्या-लसूण-कांद्याची पात घालून फोडणी देणं, वर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीची व्यवस्था लावणं, हे सगळं आपले हे भाऊ-काका-मामा न चुकता करतात. कोणाला विचारावं लागत नाही की मीठ किती. कारण ती पार्टी त्यांची असते. घरात मात्र ते ‘मदत’ करतात, आणि मदतीला दर पाच मिनिटांनी विचारावं लागतं: कुठला डबा, किती पाणी, हे कशाबरोबर धुवायचं? सांगणाऱ्याचा वेळ वाचत नाही, फक्त जागा बदलते.

म्हणून तुकडे देऊ नका, अख्खं काम द्या. यजमानांना ‘जरा कपडे वाळत घाला’ नाही, तर कपडे: टोपलीपासून कपाटापर्यंत, साबण संपला तर आणण्यासकट. मुलाकडे कूलर, ड्रम आणि कचरा. मुलीकडे घड्या आणि चपलांचं कपाट. सासूबाई दिवसभर घरी असतात, तर नळ आला हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं. त्यांनी यजमानांना फोन करायचा, स्वतः बादल्या उचलायच्या नाहीत. लसूण सोलणं, मेथी निवडणं त्यांनी आपणहून मागितलं तर द्या. आमच्या सासूबाई हातात सूप नसलं की अस्वस्थ व्हायच्या, पण पंचाहत्तरीनंतर आम्हीच म्हणायचो, ‘आते बस व्हयनं.’

एक गोष्ट तुम्हाला जड जाईल, ती आताच सांगते. आमच्या यजमानांकडे कपडे दिले त्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्या लाल ओढणीबरोबर स्वतःचे सहा पांढरे बनियन धुतले. सगळे गुलाबी. माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘राहू द्या, मीच करते.’ ते वाक्य मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. पुढचं वर्षभर ते गुलाबी बनियन घालून अंगणात पेपर वाचायचे, गल्लीतली पोरं हसायची. पण रंगीत टोपलीत पांढरा कपडा परत कधी पडला नाही, आणि कपड्यांचं काम आजतागायत माझ्याकडे आलेलं नाही. टॉवेलची घडी ते तीन पदरी घालतात, मला चार पदरी आवडते. कपाट उघडलं की अजून डोळ्यांना खुपतं. मी दार लावून घेते.

मावशींचं एक. त्यांना रविवारी बोलावण्याचा विचार करू नका, त्यांच्याही घरी रविवार असतो. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबून मोठी भांडी, कढया, कुकर घासायला त्या तयार असतील तर त्याचे वेगळे पैसे द्या. रविवारी ज्याचं ताट त्याने धुवायचं. पाच ताटं-वाट्या एका माणसाने धुतल्या तर वीस मिनिटं, पाच माणसांनी आपापल्या धुतल्या तर प्रत्येकी दोन.

आता डिशवॉशर. यंत्र वाईट नाही आणि पाणीही हाताने नळ सोडून घासण्यापेक्षा कमी घेतं. पण तुमच्या घरी ते लगेच घेऊ नका. एक म्हणजे, तुमचं रोजचं घासणं मावशी करतात, अडचण आठवड्यातल्या एका दिवसाची आहे. दुसरं, क्षाराच्या पाण्यात त्याला वेगळं मीठ सतत घालावं लागतं, नाहीतर काचेवर पांढरे डाग आणि आत खपली. तिसरं, आपल्या भांड्यांपैकी बरीच त्यात चालत नाहीत: साधा ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, बिडाचा तवा गंजतो, लाकडी पोळपाट-लाटणं फुगून तडकतं, पितळेची चमक जाते. ती हातानेच. उरतात ताटं, वाट्या, पेले, म्हणजे तीच, जी आता ज्याची त्याने धुवायची आहेत. वहीत दोन महिने नोंद करा. त्यातही भांड्यांनाच जास्त वेळ जातोय असं दिसलं तर दुकानात जाण्याआधी ओट्याखाली पाण्याचं आणि सांडपाण्याचं कनेक्शन निघतंय का, आणि नळ नसलेल्या दिवशी वरच्या टाकीतून पाणी किती जोरात उतरतं, ते प्लंबरकडून बघून घ्या. जोर कमी असेल तर यंत्र पाणी भरत ताटकळत बसेल आणि तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहाल, मी मशीनपुढे उभी राहायची तशी.